विकत घेतलेला पिक्चर नक्की कुणाचा?

घरखर्चाच्या वहीत अलीकडे एक नवी ओळ आली आहे. किराणा, दूध, वीजबिल, मुलांची फी, भिशीचा हप्ता यांच्या खाली मोबाईलच्या रिचार्जची नोंद तर असतेच. आता तिच्याही खाली ‘पिक्चरचे’ म्हणून कधी पन्नास, कधी शंभर, कधी दीडशे रुपये लिहावे लागतात. पोरगा म्हणतो, थिएटरला जाण्यापेक्षा हे बरे, सगळे घर एका तिकिटात पाहते. आजी म्हणते, त्यापेक्षा सीडी आणली असती तर कपाटात राहिली असती. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणून या खेपेस आम्ही हा हिशेब वाचकांपुढे मांडत आहोत. चित्रपटाची डीव्हीडी दुकानातून आणणे आणि तोच चित्रपट इंटरनेटवरून पैसे भरून उतरवून घेणे, यांत स्वस्त काय, महाग काय, आणि पैसे दिल्यावर आपल्या हाती नेमके काय उरते?

करमणुकीच्या गोष्टीचा एवढा विचार कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु हातावर पोट असलेल्या घरात करमणुकीचा रुपयासुद्धा घामाचाच असतो. तो कुठे जातो हे पाहण्यात कमीपणा कसला?

आधी थोडे मागे पाहू

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना व्हीसीआरचे दिवस आठवत असतील. चाळीत, वस्तीत घरटी पाच-दहा रुपये वर्गणी काढायची, एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि पहाटेपर्यंत तीन पिक्चर पाहायचे. लहान मुले दुसऱ्या पिक्चरलाच आडवी व्हायची. खर्च सगळ्यांचा, पाहणारेही सगळे. कॅसेट मात्र सकाळी लायब्ररीवाल्याला परत.

मग व्हीसीडी आली. तिच्यात सव्वा तासाच्या आसपासच चित्र मावायचे, म्हणून एक हिंदी पिक्चर दोन किंवा तीन सीड्यांवर यायचा आणि ऐन मारामारीत उठून सीडी बदलावी लागायची. त्यानंतर डीव्हीडी आली. ती जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९७ साली बाजारात उतरली. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी माहिती बसते, म्हणजे अख्खा पिक्चर एकाच तबकडीवर आणि चित्रही व्हीसीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ. रेल्वे स्टेशनाबाहेर, आठवडी बाजारात, जत्रेत सीड्यांची दुकाने लागली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी आधी गाण्यांच्या कॅसेटी आणि मग सीड्या विकायला आल्या, त्या तर आपल्यापैकी अनेकांनी घरी आणल्या आहेत. पैसे दिले, वस्तू पिशवीत टाकली, घरी आलो. त्या व्यवहारात समजावून सांगण्यासारखे काही नव्हते.

चौतीस रुपयांची गोष्ट

तरीही कंपनीची अस्सल डीव्हीडी गरिबाला परवडत नव्हती. दीडशे-दोनशे रुपये आणि त्याहूनही अधिक किंमत असे. फुटपाथवर तोच पिक्चर नकली सीडीवर तीस-चाळीस रुपयांत मिळे. मग लोक काय घेणार?

अशा वेळी मोझर बेअर नावाची एक भारतीय कंपनी पुढे आली. ही कंपनी कोऱ्या सीडी आणि डीव्हीडी तयार करून जगभर विकत असे. २००६-०७ च्या सुमारास तिने हजारो चित्रपटांचे हक्क घेतले आणि व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. नकली सीडीच्या भावात अस्सल माल! केवळ गाण्यांच्या दुकानांतून नव्हे, किराणा आणि स्टेशनरीच्या दुकानांतूनही या सीड्या मिळू लागल्या. अनेक घरांत पहिली अस्सल डीव्हीडी आली ती ही चौतीस रुपयांची.

या गोष्टीतून एक धडा घेण्यासारखा आहे. आदल्या वर्षी जो माल दोनशेला होता तो चौतीसला विकता येतो, याचा अर्थ तबकडी बनवण्याचा खर्च हे किमतीचे मुख्य कारण कधीच नव्हते. पिक्चरचे हक्क किती रुपयांना घेतले, नफा किती ठेवायचा, थोडे विकून जास्त कमवायचे की पुष्कळ विकून थोडे थोडे कमवायचे, यावर किंमत ठरते. मोझर बेअरने दुसरा मार्ग धरला. पुढे बाजार बदलला, इंटरनेट आले, कंपनी कर्जात बुडाली आणि २०१८ साली ती मोडीत काढण्याचा आदेश कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिला. कंपनी गेली. पण तिची चौतीस रुपयांची डीव्हीडी ज्याच्या कपाटात आहे आणि ज्याचा प्लेअर चालू आहे, तो आजही ती लावून पिक्चर पाहू शकतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

तबकडी नाही, डबा नाही, मग महाग का?

आता इंटरनेटवरच्या विक्रीकडे वळू. इथे तबकडी नाही, प्लास्टिकचा डबा नाही, छापील कागद नाही, ट्रकचे भाडे नाही, गोदाम नाही, दुकानदाराचे कमिशन नाही, न खपलेला माल परत घेणे नाही. मग पिक्चर डीव्हीडीपेक्षा बराच स्वस्त मिळायला हवा, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात काय घडले ते पाहण्यासाठी अमेरिकेत जावे लागेल, कारण हा धंदा तिथे आधी सुरू झाला.

हॉलिवूडच्या पाच मोठ्या स्टुडिओंनी मिळून मूव्हीलिंक नावाची कंपनी काढली होती. एप्रिल २००६ मध्ये तिने चित्रपट कायमचे उतरवून घेण्याची सोय सुरू केली. नव्या चित्रपटांची किंमत होती २० ते ३० डॉलर. तेव्हाच्या भावाने साधारण नऊशे ते साडेतेराशे रुपये. त्याच पिक्चरची डीव्हीडी अमेरिकेतल्या दुकानात बहुधा याहून कमी पैशांत मिळे. शिवाय उतरवून घेतलेला पिक्चर संगणकावरच पाहायचा. त्याची तबकडी करून टीव्हीच्या साध्या डीव्हीडी प्लेअरवर लावली तर ती चालत नसे. म्हणजे किंमत जास्त आणि सोय कमी.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या आयट्यून्स दुकानात डिस्नेचे ७५ चित्रपट ठेवले. नव्या चित्रपटाला पहिल्या आठवड्यात १२.९९ डॉलर, नंतर १४.९९ डॉलर आणि जुन्या चित्रपटाला ९.९९ डॉलर. मूव्हीलिंकपेक्षा हे स्वस्त होते. पण डीव्हीडीच्या मानाने फारसे नव्हे. आणि एवढ्यावरही वॉलमार्टसारखे मोठे दुकानदार नाराज झाले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या डीव्हीड्यांपैकी सुमारे ४० टक्के त्या काळी एकट्या वॉलमार्टमध्ये विकल्या जात. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला दुखवून इंटरनेटवर स्वस्त विकायला स्टुडिओ कचरत होते. पुढे वॉलमार्टने फेब्रुवारी २००७ मध्ये स्वतःचे डाऊनलोडचे दुकान उघडले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते बंदही केले.

म्हणजे इथेही तेच. डबा आणि ट्रक यांचा खर्च वाचला, पण तो वाचलेला पैसा गिऱ्हाइकाच्या खिशात परत आला नाही. त्यातला काही भाग यंत्रणा चालवण्यात आणि इंटरनेट दुकानाच्या कमिशनात गेला; बाकीचा हक्क असलेल्या कंपनीकडे राहिला. जुन्या दुकानदाराच्या भावाच्या आसपास नवा भाव बांधला गेला.

आपल्याकडे आयट्यून्सचे दुकान डिसेंबर २०१२ मध्ये उघडले. तेव्हा पिक्चर भाड्याने घ्यायचा तर साधारण ८० ते १२० रुपये आणि ‘विकत’ घ्यायचा तर साधारण २९० रुपयांपासून पुढे मोजावे लागत. चौतीस रुपयांच्या डीव्हीडीची सवय झालेल्या देशात हे भाव होते. दोन्हीकडचे पिक्चर तेच नव्हते आणि मधल्या वर्षांत महागाईही वाढली होती, हे मान्य करूनही फरक डोळ्यांत भरतो.

बटणावर ‘विकत घ्या’, अटींमध्ये ‘परवानगी’

किमतीपेक्षाही मोठा प्रश्न पुढे आहे. दुकानातून आणलेली डीव्हीडी आपली असते. ती भावाला पाहायला देता येते, लेकीला सासरी जाताना देता येते, जुन्या बाजारात विकता येते. वडिलांनी जमवलेल्या सीड्या मुलाला मिळतात. इंटरनेटवर ‘विकत घ्या’ हे बटण दाबले, की यातले काहीच मिळत नाही. खाली बारीक अक्षरांत ज्या अटी असतात त्यांत लिहिलेले असते, की आपल्याला हा चित्रपट पाहण्याची परवानगी दिली आहे. ही परवानगी आपल्या खात्यापुरती. ती दुसऱ्याला देता येत नाही, विकता येत नाही आणि खाते वारसाच्या नावावर करण्याची सोयही अनेक कंपन्या ठेवत नाहीत.

ही केवळ कागदावरची भीती आहे काय? काही घडलेल्या गोष्टी सांगतो.

२००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके गिऱ्हाइकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असे कारण निघाले. पैसे परत केले. पण विकत घेतलेले पुस्तक घरातून परस्पर नाहीसे होऊ शकते हे जगाला कळले.

२०२२ च्या ऑगस्टअखेर जर्मनी आणि ऑस्ट्रियामध्ये सोनीच्या प्लेस्टेशन दुकानातून लोकांनी विकत घेतलेले स्टुडिओकॅनाल या कंपनीचे चित्रपट दिसेनासे झाले. दोन कंपन्यांमधला करार संपला होता. गिऱ्हाइकाची त्यात काय चूक? २०२३ च्या डिसेंबरात डिस्कव्हरीचे विकलेले कार्यक्रम असेच काढून घेणार असल्याचे सोनीने जाहीर केले. लोकांनी ओरड केली, नवा करार झाला आणि तो निर्णय मागे घेतला गेला. ओरड केली म्हणून निदान ते वाचले.

जपानी कार्टूनपट विकणारी फनिमेशन ही कंपनी डीव्हीडीच्या डब्यात एक सांकेतिक क्रमांक देत असे. तो भरला की तोच पिक्चर इंटरनेटवरही पाहता येई. २ एप्रिल २०२४ रोजी ती सेवा बंद झाली आणि त्या इंटरनेटवरच्या प्रती गेल्या. ज्यांनी डबा आणि तबकडी जपून ठेवली होती त्यांचा पिक्चर मात्र शाबूत राहिला. एकाच पैशांत घेतलेल्या दोन वस्तूंपैकी कोणती टिकली, हे इथे अगदी उघड दिसते.

या सर्व प्रकारांमुळे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली एक कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. जी वस्तू गिऱ्हाइकाला कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येत नाही, तिच्या विक्रीत ‘विकत घ्या’ हा शब्द वापरायचा असेल, तर ही केवळ परवानगी आहे असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे, असा तो नियम आहे. किमतीबद्दल कायदा काही म्हणत नाही. शब्द खरा वापरा, एवढेच म्हणतो. तेवढ्यासाठी सुद्धा कायदा करावा लागला!

आमचे म्हणणे एवढेच आहे की हक्क कमी मिळत असतील तर किंमतही कमी हवी. राहायला भाड्याची खोली आणि मालकीची खोली यांचा भाव कुणी एक लावत नाही. मग पिक्चरच्या बाबतीत परवानगीला मालकीचा भाव का द्यावा?

तबकडीचेही दोष आहेत

एकच बाजू सांगणे बरोबर होणार नाही. डीव्हीडी काही अमर नसते. तिला ओरखडे पडतात, पावसाळी हवेत बुरशी येते, मुले तिच्यावर चहाचा कप ठेवतात. ती लावायला प्लेअर लागतो आणि आता चांगला प्लेअर शोधत फिरावे लागते. नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. डीव्हीडीवर प्रदेशाचे कुलूपही असते. भारताचा क्रमांक ५ आहे, त्यामुळे परदेशातून कुणी आणलेली डीव्हीडी आपल्या प्लेअरवर चालेलच असे नाही.

शिवाय दुकानेच बंद होत गेली. मुंबईत काळा घोड्याचे जुने, नावाजलेले ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले. अमेरिकेत टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सने ती सेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी संपवली. एका रात्रीला एक डॉलरच्या आसपास भाडे घेऊन यंत्रातून डीव्हीडी देणारी रेडबॉक्स २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. नवे मराठी-हिंदी पिक्चर डीव्हीडीवर क्वचितच येतात. स्टेशनाबाहेर सीडी विकून घर चालवणारे आपले भाऊबंद केव्हाच मोबाईलची कव्हरे आणि चार्जर विकू लागले. तेव्हा ‘डीव्हीडीच घ्या’ असे सांगून भागणार नाही. ती मिळाली तर पाहिजे.

घरचा हिशेब

आता आपण वही-पेन्सिल घेऊ. पुढचे आकडे समजुतीसाठी धरले आहेत. वाचकांनी आपापल्या ठिकाणचे भाव त्या जागी घालावेत.

समजा, एक डीव्हीडी २०० रुपयांना आणली. आपण पाहिली, मग बहिणीने नेली, शेजारी पाहिली, दीराच्या घरी गेली. वर्षाने ती जुन्या बाजारात ५० रुपयांना विकली. खर्च झाला १५० रुपये आणि पाहिली चार घरांनी. घरटी साडेसदतीस रुपये पडले.

समजा, तोच पिक्चर इंटरनेटवर २९० रुपयांना ‘विकत’ घेतला. तो आपल्याच खात्यात राहणार. दुसऱ्या घरी देता येत नाही, परत विकता येत नाही. एका घराला २९० रुपये पडले. वर डेटाचा खर्च वेगळा.

समजा, १०० रुपये भरून भाड्याने घेतला. भारतात अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२२ मध्ये भाड्याचे दुकान सुरू केले तेव्हा ६९ ते ४९९ रुपये असे भाव होते. सुरू करायला तीस दिवसांची मुदत आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. घरात सहा माणसे असतील आणि सगळ्यांनी एकत्र बसून पाहिला, तर माणशी सतरा रुपयेही पडत नाहीत. थिएटरच्या तिकिटापुढे हे काहीच नाही. पण एकटा मुलगा कानात वायर घालून मोबाईलवर पाहून मोकळा झाला, तर तेच शंभर रुपये एकट्याचे झाले.

राहिली महिन्याची वर्गणी. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये मोबाईलपुरती योजना १९९ वरून १४९ रुपयांवर आणली. वर्षाचे झाले १,७८८ रुपये. महिन्याला दोन पिक्चर पाहिले तर दर पिक्चरला साधारण पंचाहत्तर रुपये पडतात. दहा पाहिले तर पंधरा. ज्या महिन्यात काहीच पाहिले नाही, त्या महिन्यातही १४९ रुपये जातातच. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची संमती दिली असेल तर ते कळतही नाही. मार्च-एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा असतात, टीव्ही बंद असतो. तेव्हा वर्गणीही बंद ठेवावी. ती पुन्हा केव्हाही सुरू करता येते.

आणि डेटा विसरू नये. नेटफ्लिक्सने स्वतः दिलेल्या माहितीप्रमाणे कमी दर्जाच्या चित्राला तासाला सुमारे ०.३ जीबी, मध्यम दर्जाला ०.७ जीबी आणि स्वच्छ एचडी चित्राला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. म्हणजे अडीच तासांचा पिक्चर साध्या दर्जात पाऊण जीबीत होतो. एचडीत मात्र साडेसात जीबी खाऊ शकतो. रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा असलेल्या घरात एचडीचा हट्ट धरला, तर दुसऱ्या दिवशी मुलीचा ऑनलाइन अभ्यास अडतो. लहान पडद्यावर मध्यम दर्जा पुरेसा असतो. सेटिंगमध्ये जाऊन तो आधीच ठरवून ठेवावा.

फुकटाच्या वाटेबद्दल दोन शब्द

यावर काही तरुण वाचक हसतील. कशाला एवढा हिशेब? टेलिग्रामवर तर सगळे फुकट मिळते! त्यांना आम्ही मोकळेपणाने सांगतो. पिक्चर म्हणजे केवळ हिरो-हिरॉईन आणि कोट्यधीश निर्माता नव्हे. दिवे उचलणारे, ट्रॉली ढकलणारे, कपडे शिवणारे, सेटला रंग देणारे, जेवण वाढणारे असे कितीतरी कष्टकरी त्यामागे असतात. पिक्चर बुडाला की पुढच्या कामाची हाक आधी त्यांचीच थांबते. आपल्या मजुरीचे पैसे कुणी बुडवले तर आपण चिडतो. मग दुसऱ्याच्या मजुरीबाबत वेगळा न्याय कसा लावणार? कायद्याचेही आहे. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटाचे चोरून चित्रण करणे आणि तशी प्रत प्रसारित करणे यासाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. ग्रुपवर ‘फॉरवर्ड’ करणाऱ्या मुलाला हे आई-वडिलांनी समजावून सांगावे.

परंतु कंपन्यांनीही चौतीस रुपयांची गोष्ट विसरू नये. भाव आवाक्यात आला तेव्हा लोकांनी रांगेने अस्सल माल घेतला होता. त्यांना चोरी करायची हौस होती असे मुळीच नाही.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, एकदा पाहून सोडून द्यायचा पिक्चर आणि पुन्हा पुन्हा पाहायचा पिक्चर यांत फरक करावा. पहिल्या प्रकाराला भाडे पुरे. तो ‘विकत’ घेण्यात पैसे घालवू नयेत. डॉ. जब्बार पटेल यांचा २००० सालचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा मामूट्टी यांनी भूमिका केलेला चित्रपट किंवा तसेच जे चित्रपट मुलांना आणि पुढे नातवंडांना दाखवावेसे वाटतात, ते दुसऱ्या प्रकारचे. त्यांची अस्सल डीव्हीडी कुठे मिळाली तर ती घेऊन ठेवावी.

दुसरी गोष्ट, ‘विकत घ्या’ हे बटण दाबण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हा पिक्चर इंटरनेट नसतानाही चालेल का? हे खाते कुणाच्या नावावर आहे आणि तो मोबाईल हरवला तर काय? कंपनी उद्या बंद पडली किंवा करार संपला तर पैसे परत मिळणार का? तिन्ही उत्तरे समाधानकारक नसतील, तर आपण भाडेच देत आहोत असे समजावे आणि भाड्याएवढेच पैसे द्यावेत.

तिसरी गोष्ट, पैसे कापले गेले आणि पिक्चर दिसला नाही, तर गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूंचाही विचार केला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैसे भरल्याचा संदेश जपून ठेवावा आणि तक्रार नोंदवावी. शंभर रुपयांसाठी कोण भांडणार, असे म्हणूनच अनेकांचे शंभर रुपये बुडतात.

चौथी गोष्ट, वस्तीतल्या वाचनालयाने पुस्तकांबरोबर अस्सल डीव्हीड्यांचे एक कपाट ठेवावे आणि एक चालू प्लेअर. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार, नफा न कमावणाऱ्या वाचनालयाने रीतसर मिळवलेली चित्रपटाची प्रत नफ्याच्या हेतूविना वाचायला-पाहायला दिली, तर ते व्यापारी भाडे ठरत नाही. (मैदानात पडदा लावून सर्वांना दाखवायचे असेल तर मात्र परवानगी घ्यावी लागते.) ज्यांच्या घरी जुन्या अस्सल सीड्या धूळ खात आहेत त्यांनी त्या या कपाटाला द्याव्यात. डाऊनलोड केलेला पिक्चर असा देता येत नाही, डीव्हीडी देता येते.

शेवटची आणि आमच्या मते सगळ्यांत निकडीची गोष्ट. बहुतेक घरांत एक-दोन सीड्या अशा असतात ज्यांची किंमत कुठल्याच दुकानात ठरत नाही. लग्नाची सीडी, बारशाची सीडी, वडिलांच्या निवृत्तीच्या समारंभाची सीडी, वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीची सीडी. दहा-पंधरा-वीस वर्षांपूर्वी फोटो स्टुडिओवाल्याने ती करून दिली. अशा घरगुती पद्धतीने भरलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो आणि तो कंपनीच्या छापील डीव्हीडीपेक्षा लवकर खराब होतो. उष्णतेने आणि उन्हाने तर आणखी लवकर. एक दिवस ती लावली तर काहीच दिसत नाही. त्या चित्रात जी माणसे आहेत त्यांतली काही आज नाहीत आणि त्यांचे बोलणे-हसणे दुसरीकडे कुठेही नाही.

इथे कुणाचा करार नाही, कुणाची परवानगी नाही. हा पिक्चर पूर्णपणे आपला आहे. म्हणून येत्या रविवारी कपाट उघडावे, सीड्या बाहेर काढाव्यात, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसाव्यात आणि ज्याच्याकडे सीडी ड्राईव्ह आहे अशा ओळखीच्या मुलाकडून किंवा झेरॉक्स-संगणकाच्या दुकानातून त्या पेनड्राईव्हवर उतरवून घ्याव्यात. एक प्रत आपल्या घरी आणि एक भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवावी. एका घरची बिघडली तर दुसऱ्या घरची राहील. खर्च फार येत नाही आणि पुढच्या महिन्यात करू म्हणून ठेवण्यासारखे हे काम नाही.